नेपाळची वीज आणि आपली अट: सिमेंट कुणी ओतलं हे तारेला कसं कळणार?

तारवाला

२०१४-१५चा हिवाळा मी बिहारमध्ये, सीतामढी जिल्ह्यातल्या सुरसंडच्या आसपास काढला. मुझफ्फरपूर ते नेपाळमधलं ढल्केबर या ४०० केव्ही वाहिनीच्या आमच्या बाजूच्या टॉवरांवर तार ओढायचं काम चालू होतं. सकाळी दहापर्यंत धुकं इतकं दाट, की पुढचा टॉवर दिसत नसे. त्या धुक्यातून पलीकडची पोरं सायकलवर यायची आणि आमच्या जनरेटरला मोबाइल लावून बसायची. एकेकाकडे चार-पाच मोबाइल, घरचे आणि शेजाऱ्यांचे. हिवाळ्यात त्यांच्याकडे दिवसातले दहा-बारा तास वीज नसायची. कोणत्या गटाची वीज कधी जाणार, याचं वेळापत्रक लोकांना तोंडपाठ असायचं.

फेब्रुवारी २०१६मध्ये ती वाहिनी सुरू झाली. सुरुवातीला कमी दाबावर, ८० मेगावॉट, आणि अर्थातच आपल्याकडून तिकडे. आता पावसाळ्यात त्याच तारेतून वीज उलटी, आपल्याकडे येते. २०२३-२४ या त्यांच्या आर्थिक वर्षात नेपाळने पहिल्यांदा आयात केली त्यापेक्षा जास्त वीज निर्यात केली. ही बातमी वाचली तेव्हा ती मोबाइलवाली पोरं आठवली आणि खरंच भरून आलं.

आता मुद्द्याचं. सीमेपलीकडच्या विजेसाठी केंद्राची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१९चे केंद्रीय वीज नियामक आयोगाचे नियम आहेत आणि २०२१ची केंद्रीय वीज प्राधिकरणाची कार्यपद्धती आहे. थोडक्यात अर्थ असा: ज्या देशाची जमिनीवरची सीमा आपल्याला लागते पण ज्याच्याशी आपला वीजक्षेत्रातला करार नाही, त्याची मालकी ज्या प्रकल्पात असेल, त्या प्रकल्पाची वीज घ्यायच्या आधी कडक तपासणी. नाव लिहिलेलं नाही, पण रोख चीनकडे आहे हे कुणालाही कळतं.

मालकीची अट मला मान्य आहे. चिनी कंपनीचा नफा माझ्या वीजबिलातून जाऊ नये, हे मलाही वाटतं. पण नेपाळमध्ये वर्षानुवर्षे तक्रार आहे ती वेगळीच: मालकी शंभर टक्के नेपाळी असली, फक्त बांधकामाचा ठेकेदार चिनी असला, तरी परवानगी अडकते. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी हे त्याचं ठळक उदाहरण. पैसा नेपाळच्या भविष्य निर्वाह निधीचा, नेपाळी कंपन्यांचा, सामान्य नेपाळी भागधारकांचा. बोगदे आणि बंधारा मात्र चिनी ठेकेदाराने बांधला. नोव्हेंबर २०२१मध्ये आपल्या वीजबाजारात नेपाळला पहिली परवानगी मिळाली ती ३९ मेगावॉटची. त्रिशूलीचे २४, देवीघाटचे १५. दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने बांधलेले.

त्यात परवानगी प्रकल्पागणिक, आणि तिचं नूतनीकरणही पुन्हा पुन्हा. प्रकल्पाचं कर्ज दहा-पंधरा वर्षांचं आणि विकायची परवानगी वर्षाची, हे गणित कोणत्या बँकेला पटेल? जानेवारी २०२४मध्ये आपणच दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार केलाय. तो खरा करायचा असेल, तर अट स्पष्ट शब्दांत लिहा, मालकीपुरतीच ठेवा, आणि नकार मिळालेल्याला दाद मागायला दोन्ही देशांचं मिळून एक नियामक मंडळ द्या. तुम्हाला काय वाटतं?

---

घाटमाथा

तारवाले, अनुभव मनाला भिडला, पण निष्कर्ष पटला नाही.

तुम्ही म्हणता सिमेंट कुणी ओतलं हे तारेला कळत नाही. बरोबर. पण आजचा ठेकेदार फक्त सिमेंट ओतत नाही. टर्बाइनचं नियंत्रण, संरक्षण यंत्रणा, दूरस्थ देखरेखीचं सॉफ्टवेअर, पुढची देखभाल, असं बरंच काही मागोमाग येतं. आणि ही यंत्रणा ज्या जाळ्याला जोडली जाते ते आपलं आहे, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच वारंवारतेवर चालणारं.

१२ ऑक्टोबर २०२० विसरलात का? मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. माझी बहीण तेव्हा दादरला लोकलमध्ये अडकली होती, शेवटी रुळांवर उतरून चालत गेली. मार्च २०२१मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय बोलून दाखवला होता. वीज गेली तेव्हा गलवानच्या भारत-चीन चकमकीला चारच महिने झाले होते.

बाजार आपला, वाहिनी बहुतांशी आपली, गिऱ्हाईकही आपलं. मग अट घालायचा हक्क कुणाचा? नेपाळला चिनी ठेकेदार स्वस्त पडला म्हणून निवडला. त्या निवडीची किंमत आपण का मोजायची?

---

तारवाला

घाटमाथा, मुंबईचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. गृहमंत्री बोलले त्याच आठवड्यात केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असं सांगितलं होतं. आणि मुंबईच्या त्या दिवसाचा नेपाळच्या तारेशी काही संबंध नव्हता.

नियंत्रण यंत्रणेची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण मग तपासणी यंत्रणेची करा ना. कोणता रिले (बिघाड होताच वीज तोडायला लावणारं उपकरण), कोणतं सॉफ्टवेअर, बाहेरून जोडणी आहे का, हे उपकेंद्रात जाऊन बघता येतं. आम्ही आमच्याच देशातल्या उपकेंद्रांत हेच करतो, तिथेही चिनी माल निघालेला आहे. बोगदा खोदणाऱ्याचं राष्ट्रीयत्व बघून सॉफ्टवेअरचा धोका मोजता येत नाही.

---

मीटर_रीडर_मावशी

मी वीज मंडळात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही दोघेही चीनवर भांडताय, मला भीती वेगळीच आहे. सीमेपलीकडच्या वीजकरारात गोची होते ती पैशाच्या कलमांमुळे.

आपल्याकडे एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाचं काय झालं ते मी आतून पाहिलंय. गुहागरजवळ दाभोळला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला. वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार द्यावाच लागणार. त्यात इंधन आणि डॉलर दोन्ही वर गेले. २००१मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत कुणी चहालासुद्धा मोकळेपणी बसत नव्हतं.

आता बांगलादेशकडे बघा. झारखंडमधल्या गोड्ड्याचा १६०० मेगावॉटचा अदानींचा प्रकल्प केवळ त्यांना वीज द्यायला बांधला. करार २०१७चा. थकबाकी साठली, आणि २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरवठा निम्म्यावर आला. त्याआधी ऑगस्टमध्ये ढाक्यातलं सरकार कोसळलं आणि आठवड्याभरात आपल्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८च्या तत्त्वांत दुरुस्ती केली: केवळ निर्यातीसाठी बांधलेल्या अशा केंद्राला, पलीकडचा पैसे देईना किंवा वीज उचलेना, तर ती देशात विकता येईल.

प्रकल्पवाल्याच्या बाजूने बघितलं तर ही दुरुस्ती शहाणपणाची. पण ढाक्यात बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल? करार चालू असताना एका बाजूच्या सरकारने एकट्याने नियम बदलला. तारवाले, तुमचं संयुक्त मंडळ मला म्हणून पटतं. पण त्यात पहिलं कलम थकबाकीचं असू द्या. किती दिवस उशीर चालेल, किती दिवस आधी नोटीस, तोवर हमी कुणाची. ते ठरलं की बाकीची भांडणं आपोआप लहान होतात.

---

घाटमाथा

मावशी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! शेजारच्या देशात सरकार कधी पडेल सांगता येत नाही. अशा वेळी आपल्या हातातला नियम आपण संयुक्त मंडळाच्या हवाली करायचा?

---

मीटर_रीडर_मावशी

नाही हो घाटमाथा. दाभोळला दोन्ही पक्षांनी मानावा असा पंच असता, तर ते भांडण इतकी वर्षं देशोदेशी फिरलं नसतं. नियम आपल्या हातात असला की आपण सुरक्षित, हा भ्रम मी जवळून पाहिलाय. समोरच्याला भरवसा नसला की तो व्याजाचा दर चढा लावतो, आणि तो शेवटी युनिटमागे आपल्यालाच बसतो.

---

काठमांडूचा_पाहुणा

मी पुण्याचा, नोकरीमुळे सहा वर्षं काठमांडूत आहे. तिथली बाजू सांगायला हवी म्हणून लिहितोय.

२०१५च्या सप्टेंबरात सीमेवरून ट्रक येणं बंद झालं ते पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत. भारताने नाकेबंदी केल्याचं अधिकृतपणे नाकारलं, पण माझ्या घरमालकीणबाई त्याला नाकाबंदीच म्हणतात. गॅस नव्हता, म्हणून त्यांनी तेव्हा विजेची शेगडी घेतली, आणि वीजही नव्हती म्हणून पहाटे तीनला उठून भात शिजवला. ती शेगडी अजून स्वयंपाकघरात आहे. त्यामुळे भारत अट घालतो म्हटलं, की इथल्या माणसाला ती शेगडी आठवते. पुढे २०१९मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज पेट्रोलियमची पाइपलाइन झाली, ती उत्तम चालते, आणि तिचं कौतुकही इथे होतं. चांगलं काम केलं तर लोक लक्षात ठेवतात.

बांगलादेशचंही ऐका. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीपाशी भारताची एक चिंचोळी पट्टीच आहे. तरी भारताच्या तारांवरून ४० मेगावॉट वीज द्यायचा तिघांचा करार व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. दर युनिटला ६.४ सेंट, १५ जून ते १५ नोव्हेंबर. पहिल्या वर्षी सगळं जुळेपर्यंत हंगामाचा शेवटचा दिवस आला, आणि वीज गेली ती फक्त १५ नोव्हेंबरला. एक दिवस! इथे तरीही लोक खूश होते, वाट मोकळी झाली म्हणून.

---

घाटमाथा

शेगडीचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तरी माझं म्हणणं तेच आहे: उपकरणांची तपासणी सोपी नसते, आणि चूक झाली तर ती बिहारपुरती राहणार नाही. पण ठेकेदार आणि मालक यात फरक करावा, हे आता मान्य करतो. तपासणीची यादी आधीच जाहीर असावी, हेही.

---

नदीकाठ

कुणीच नदीचं बोलत नाही म्हणून लिहिते. नेपाळचे बहुतेक प्रकल्प साठवण नसलेले, वाहत्या पाण्यावरचे आहेत. हिवाळ्यात पाणी आटतं आणि निर्मिती पार खाली येते. तेव्हा हाच देश आपल्याकडून वीज घेतो. सप्टेंबर २०२४च्या पुरात तिथले कितीतरी प्रकल्प बंद पडले, जुलै २०२५मध्ये भोटेकोशी नदीला पूर आला तो सीमेपलीकडून, तिबेटकडून. पाण्याची आगाऊ माहिती द्यायला चीन बांधील आहे का, हा प्रश्न ठेकेदाराच्या पासपोर्टपेक्षा मोठा आहे.

कोयनेचं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीला (अब्ज घनफुटांना) बांधलंय, आणि तो आकडा आला की जनित्रांना थांबावं लागतं. वीजकरारात पाण्याचं कलम नसेल तर १०,००० मेगावॉट हा आकडा कागदावरच राहील.

---

तारवाला

नदीकाठ, माझ्या मूळ धाग्यात हे राहून गेलं, ती माझी चूक. तार ओढणारा माणूस टॉवरच्या पुढचं पाहत नाही.

मावशींच्या थकबाकीच्या कलमाआधी मी आता पाण्याचं कलम ठेवेन. हिवाळ्यात आपण त्यांना किती वीज देणार आणि पावसाळ्यात किती घेणार, हे एकाच करारात, एकाच पानावर असावं. आज ते वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या दरांनी चालतं. पण घाटमाथा, एक विचारतो: मालकी नेपाळी, यंत्रणा तपासलेली, पैशाची हमी दिलेली, आणि तरी बंधाऱ्यावर चिनी ठेकेदाराची पाटी. अशा प्रकल्पाची वीज तुम्ही घ्याल का?

---

घाटमाथा

घेईन. पण तपासणी दरवर्षी, आणि आपल्या माणसांनी तिथे जाऊन.