अ‍ॅन कार्सन: सुरुवात कुठून करावी?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून कविता वाचतो. गाडी बहुतेक वेळा कुसुमाग्रज, ग्रेस, कोलटकर यांच्यावरच फिरते. या खेपेला भाचीनं अ‍ॅन कार्सन या कॅनडाच्या कवयित्रीचं नाव काढलं आणि बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जन्म १९५०, टोरंटो. वडील बँकेत, म्हणजे बदल्या आणि लहान लहान गावं (माझीही उभी हयात त्यातच गेली). शाळेत लॅटिनच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत ग्रीक शिकवलं, पुढे कार्सन स्वतः त्याच विषयाच्या प्राध्यापक झाल्या. कवितेसाठीचा टी. एस. एलियट पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, २००१ साली. इथवर ठीक. पण भाचीनं पाठवलेलं त्यांचं 'नॉक्स' हे पुस्तक म्हणजे चक्क करडा खोका निघाला! आत एकच लांबलचक घड्यांचा कागद. डावीकडे लॅटिन शब्दांचे अर्थ, उजवीकडे जुने फोटो, पत्रांचे कपटे, मधेच चार ओळी. याला कविता म्हणायचं का?

चहाबाज:
कात्रणं डकवलेली वही आमची पोरंही करतात काका, त्यांना कुणी पुरस्कार देत नाही.

खळ_आणि_पुठ्ठा:
काका, रविवार कारंज्याजवळ आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. इंग्रजी कविता हा माझा प्रांत नव्हे, पण एका प्राध्यापक बाईंनी खोक्याचा कोपरा फाटला म्हणून हेच पुस्तक दुकानात आणलं होतं. मी उचललं आणि सगळा कागद टेबलावरून घसरून थेट फरशीवर. घड्या नीट बसवताना वाचत गेलो, गिऱ्हाईक ताटकळलं.

कार्सन बाईंचा थोरला भाऊ मायकेल. तुरुंग चुकवायला १९७८ मध्ये खोट्या पासपोर्टवर कॅनडातून पळाला, युरोपात भटकला, आपल्या भारतातही येऊन गेला. घरी क्वचित पोस्टकार्ड, आईला एकच पत्र. २००० मध्ये कोपनहेगनला वारला. बहिणीला हे कळेपर्यंत दोन आठवडे उलटले, कारण त्याच्या बायकोला हिचा फोन नंबरच सापडत नव्हता. मग बाईंनी वही केली, ती २०१० मध्ये छापून आली. ते डावीकडचे शब्द कॅटलस या रोमन कवीच्या दहा ओळींच्या कवितेतले आहेत. त्याचाही भाऊ परमुलखात मेला, तो लांबचा प्रवास करून थडग्यापाशी गेला. बाई त्या कवितेचा एकेक शब्द उचलून तपासतात. भावाबद्दल हाती पुरेसं काही नाही, मग दुसरं करणार काय?

धंद्यातलं सांगतो. मूळ वहीतल्या पिना आणि डकवलेल्या कागदांच्या कडांच्या सावल्यासुद्धा छापून आल्यात. बोट फिरवलं तर सपाट. मी दोनदा फिरवून पाहिलं. शिलाई नाही, पाठ नाही, पोथीसारखं समोर पसरून बसावं लागतं. हे या मजकुराला शोभतं. त्यांचंच 'फ्लोट' (२०१६) मी फक्त फोटोत पाहिलं: पारदर्शक डब्यात २२ सुट्या पुस्तिका, हवं तिथून वाचा. ती मला नुसती हौस वाटली. चहाबाज, पोरांच्या वहीत डकवायला काहीतरी असतं. इथे माणूसच हाती लागत नाही.

गंगापूररोडकर:
वा! पण आठ-दहा जणांत हा कागद फिरवायचा कसा? चहा सांडला तर भाची घरात घेणार नाही.

सावानाची_सभासद:
फिरवूच नका. जाजमावर उलगडा आणि लोकांनाच भोवती फिरू द्या, चहा नंतर. वाचून दाखवायला 'द ग्लास एसे' घ्या, १९९५ च्या संग्रहातली दीर्घकविता. प्रेमभंगानंतर लेक उत्तरेला माळरानावर एकट्या राहणाऱ्या आईकडे जाते, सोबत एमिली ब्राँटे या जुन्या इंग्रजी लेखिकेची पुस्तकं. मायलेकी टेबलाशी बसून सॅलडची पानं चावतात आणि एकमेकींना टोचून बोलतात. स्मृतिभ्रंश झालेले वडील इस्पितळात. हे कुणालाही कळेल, ग्रीक लागत नाही. मुळात मला कार्सन आवडल्या त्या इथे, खोक्यात नाही.

वेळ उरला तर त्यांनी केलेला सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीचा अनुवाद (२००२). मूळ कविता लिहिलेला पपायरस (त्या काळचा कागद) फाटलाय तिथे त्यांनी चौकोनी कंस ठेवलेत, मनचं काही भरलं नाही. त्याच्या जोडीला गाथासप्तशतीतल्या दोन-तीन गाथा वाचा, त्यात आपली गोदावरीही भेटते. दोन्हीकडे चार शब्दांत अख्खी बाई उभी राहते. आणि काका, बैठक कधी आहे? मला यायचंय.

चहाबाज:
मलाही. चहा माझ्याकडून, जाजमापासून लांब.