गॅरेजचं दार सायकलवर आलं: रो-हाऊस ग्रुपवरची सकाळ

रो-हाऊस ७: सुप्रभात. सव्वासातला ५ नंबरचं गॅरेजचं दार थेट धाकटीच्या सायकलवर येऊन बसलं. पुढची रिंग वाकली. पोरगी दोन पावलं पलीकडे होती म्हणून वाचली. फोटो टाकलाय.

रो-हाऊस ५: वहिनी, मनापासून सॉरी. रिंग बदलून देतो. पण मुलांनी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये जाऊ नये, तेवढं सांगा.

रो-हाऊस ७: चेंडू गेला होता दादा, तो घेत होती. आणि रिंगचं सोडा. दार थांबलं का नाही, ते सांगा.

सेक्रेटरी: शांततेत घेऊया. ५, सेन्सर आहेत ना?

रो-हाऊस ५: आहेत की. मध्ये लाइट लुकलुकायचा, दार अर्ध्यातून परत वर जायचं. मेकॅनिकने ॲडजस्ट केलं, तेव्हापासून छान चाललंय.

रो-हाऊस ११: काय ॲडजस्ट केलं? फोटो पाठवा.

रो-हाऊस ५: 📷

रो-हाऊस ११: अहो, दोन्ही सेन्सर काढून छतापाशी समोरासमोर चिकटपट्टीने बांधलेत! खाली कुणीही असो, मोटरला वाट मोकळीच दिसणार. त्यांची जागा दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून फार तर १५ सेंटीमीटरवर. लाइट लुकलुकतो तो भिंगावरच्या धुळीने, कोळ्याच्या जाळ्याने, नाहीतर पाय लागून सेन्सर धरणारी पट्टी वाकल्याने. फडक्याने पुसा, पट्टी सरळ करा. आणि सायकलला टेकूनही दार उलटं फिरलं नाही, म्हणजे मोटरचा जोरही वाढवून ठेवलाय.

रो-हाऊस ९: दार वर असताना लाल दोरी ओढू नका. तिने दार मोटरपासून सुटतं. मागेही लिहिलं होतं.

रो-हाऊस २: ते दार पहाटे साडेपाचला किंचाळतं, त्याचंही बघा आता.

रो-हाऊस ५: तुमची गाडी अर्धी माझ्या गेटसमोर असते, मी बोलतो का?

रो-हाऊस २: बोललात की आत्ता 😀

सेक्रेटरी: पार्किंग मीटिंगमध्ये. कृपया.

रो-हाऊस ११: आवाजासाठी बिजागऱ्या, रोलर आणि स्प्रिंगला सिलिकॉन स्प्रे मारा. रुळांना काही लावू नका, धूळ चिकटते. ते नुसते पुसायचे.

रो-हाऊस ९: दार वर असताना लाल दोरी ओढू नका.

रो-हाऊस १४: काकू, वाचलं हो आम्ही 🙏

रो-हाऊस ९: वाचलं असेल, पण वीज गेली की पहिला हात तिकडेच जातो. गेल्या पावसाळ्यात आमची स्प्रिंग तुटली होती, आणि ह्यांनी दार अर्धं वर असताना दोरी ओढली. सगळं दार धाडकन खाली. चप्पल चेपली, पाय वाचला.

रो-हाऊस ११: काकूंचं शंभर टक्के बरोबर. दाराचं वजन मोटर नाही, स्प्रिंग पेलते. दार पूर्ण बंद करून मग दोरी ओढा, हाताने कमरेपर्यंत उचला आणि हळूहळू हात सैल करा. तिथेच थांबलं तर ठीक. खाली येऊ लागलं तर स्प्रिंग थकली. साधी स्प्रिंग साधारण १०,००० उघडझापींची असते. दिवसाला चार धरल्या तर सात वर्षंही नाहीत. आपली बहुतेक दारं एकदमच बसलीत, विचार करा. आणि स्प्रिंगला स्वतः पाना लावू नका. तिच्यात इतका ताण असतो की हात मोडेल.

रो-हाऊस ७: काका, आज आम्ही घरी काय तपासायचं?

रो-हाऊस ११: दीड इंच जाड फळी दाराखाली आडवी ठेवा आणि बटण दाबा. टेकताच दार परत वर गेलं पाहिजे. दर महिन्याला करा.

रो-हाऊस १४: आमचं गेलं वर.

रो-हाऊस २: आमचं फळीवर बसूनच राहिलं. नातू रोज तिथेच खेळतो. काका, संध्याकाळी याल का जरा?

रो-हाऊस ११: येतो. तोवर प्लग काढून ठेवा.

रो-हाऊस ५: वहिनी, सेन्सर खाली जागेवर लावले. जोर कमी करून मिळेपर्यंत मोटर बंद, दार हातानेच उघडतोय. सायकल संध्याकाळी नेतो दुरुस्तीला.

रो-हाऊस ७: थँक्यू दादा. चेंडूही राहिलाय तुमच्याकडे.

रो-हाऊस ९: हाताने उघडताय म्हणजे दोरी ओढलीत. दार बंद होतं ना तेव्हा?

रो-हाऊस ५: हो काकू. बंद करूनच ओढली.