मदत हवी आहे: डासांच्या मशीनची घरगुती मातीची वात पाचव्या रात्री बंद पडते

राम राम मंडळी. प्लगमध्ये लावायच्या लिक्विड मशीनसाठी सच्छिद्र मातीची वात बनवतोय. भाजल्यावर ७ मिमी जाड, ७५ मिमी लांब.

मिश्रण वजनाने: चिनी माती ६०, गिरणाकाठची गाळाची माती १५, चाळलेला लाकडी भुसा २५. गाळाची माती वाढवली की वात वाळताना तडकते, काळ्या मातीचा अंश आहे ना. केळीच्या खोडाची राख घालून बघितली, ती चूकच. तिच्यातल्या पोटॅशमुळे माती वितळू लागते आणि छिद्रं बुजतात.

टोक कापलेल्या सिरिंजमधून दाबून काढतो, तीन दिवस सावलीत वाळवतो. इलेक्ट्रिक भट्टीत ५०० अंशांपर्यंत सावकाश, मग ८५० ला एक तास. घाई केली की गाभा काळा राहतो.

पाणी टोकापर्यंत चार मिनिटांत चढतं. द्रव म्हणजे हलकं पॅराफिन, त्यात १० टक्के सिट्रोनेला तेल. चार रात्री मस्त चालते, पाचव्या रात्री वरच्या १० मिमीवर तपकिरी चिकट थर आणि वास बंद. तीच वात ६०० ला पुन्हा भाजली की पहिल्यासारखी चालते, म्हणजे छिद्रं शाबूत आहेत, तेलाचा राळ अडकतोय. द्रव गाळून घेतला, फरक शून्य.

हीटर बदलायचा नाही, भट्टी ९५० च्या वर जात नाही. कडुनिंबाचं तेल सुचवू नका, ते उडत नाही, वात आणखी लवकर तुंबते.

भुशाऐवजी जिनिंगमधला बारीक कापूस घालून उभ्या नळ्यांसारखी मोठी छिद्रं केली तर राळ कमी धरेल का? की सिट्रोनेला ५ टक्क्यांवर आणणं हाच उपाय? कापूस कुणी वापरला असेल तर किती टक्के आणि तंतू किती लांब कापले?