अनवाणी चालण्याचे व्रत आणि न जाणवलेला काटा

लातूरकर: आमच्या आईने गेली वीस वर्षे घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पायात चप्पल घातलेली नाही, आणि पौर्णिमेला ती तुळजापूरला पायी जाते. यंदा परतल्यावर पाय धुताना तळव्यात बाभळीचा काटा रुतलेला दिसला. भोवती पू धरला होता, पण मधुमेहाने पाय बधिर झाल्यामुळे तिला ठणकासुद्धा जाणवला नव्हता. डॉक्टरांनी अनवाणी चालण्यास मनाई केली आहे. आई म्हणते, देहाला त्रास नसेल तर ते व्रत कसले? धर्माला हा त्रास खरोखर अपेक्षित आहे का?

भूमकर: आमच्या तालुक्यातील कुंथलगिरीवर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली 36 दिवसांची सल्लेखना (आहार सोडून मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याचे जैन व्रत) घेतली. देहाला शिक्षा करणे हा तिचा हेतू नव्हता. दृष्टी मंदावली, पायाखालचा जीव दिसेनासा झाला आणि मुनीचे अहिंसाव्रत पाळणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी आहार सोडला. वेदना ही त्या मार्गावर येणारी गोष्ट होती, साध्य नव्हे.

पैठणकर: गीतेच्या सतराव्या अध्यायात, दंभ आणि अहंकारापोटी शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून शरीराला पिळणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. आपल्याकडे मात्र नवस आणि व्रत यांची सरमिसळ झाली आहे. नवसात देवीशी देण्याघेण्याचा हिशेब असतो, म्हणून त्रास मोजला जातो. व्रतात स्वतःला आवर घालायचा असतो. (एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची परात रिकामी करणाऱ्या आम्हां मंडळींनी हे सांगावे, यातला विनोद मला कळतो.) आणि मातोश्रींच्याच कसोटीने पाहिले, तर जो काटा जाणवलाच नाही, त्याचे तप कोणाच्या खात्यावर मांडायचे?

परभणीकर: रमजानच्या रोजांतून आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सवलत आहे; राहिलेले रोजे नंतर धरता येतात, आणि जे कधीच जमणार नाहीत त्यांच्याबदली गरिबाला जेवू घालता येते. तरीही आमच्या शेजारचे चाचा इन्सुलिन घेत असतानाही रोजे सोडत नाहीत. सवलत घेणे म्हणजे कमीपणा, असे माणसालाच वाटते.

लातूरकर: सर्वांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. गीतेवर ती काहीच बोलली नाही. महाराजांना जमिनीवरचे जीव दिसेनासे झाले होते, हे मात्र तिने दोनदा वाचायला लावले. रात्री विचारले, "डॉक्टर म्हणतात ती मऊ तळाची चप्पल कातड्याची तर नसते ना?"