थंडीत सेप्टिकचं पाणी उलटं येतंय, ड्रेन फील्ड गेलं का गोठलं?

गारठलेला_घरमालक: थंडी वाढली तशी खालच्या बाथरूममध्ये गुडगुड सुरू झाली, कमोड सावकाश उतरतो आणि वॉशिंग मशीन लावलं की शॉवरच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. टँक उपसून घेतला, थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. उपसणारा म्हणतो फील्ड (टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारे चर) संपलं, नवीन टाका. पण उन्हाळ्यात काहीच त्रास नव्हता हो. जमीन गोठलीये, खणताही येत नाही. काय बघू?

पाइपवाला_दादा: नवीन फील्डचं नाव आत्ता काढूच नका. उपशानंतर थोडे दिवस चाललं म्हणजे रिकामा टँक भरेपर्यंत चाललं, एवढंच, त्यावरून फील्ड गेलं असं ठरत नाही. आउटलेटकडचं झाकण उघडा. पाणी आउटलेट पाइपच्या तळाइतकंच हवं. तेवढंच असून घरात तुंबत असेल तर घर ते टँकची लाइन बघा, वर चढलं असेल तर अडथळा पुढे. मग आधी आउटलेटमधला फिल्टर काढून टँकवरच धुवा, बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं. नंतर डिस्ट्रिब्यूशन बॉक्स, म्हणजे टँकचं पाणी फील्डच्या लाइनींत वाटणारी पेटी. तो कोरडा असेल तर मधला पाइप चोंदलाय किंवा गोठलाय, तोही तुडुंब असेल तर पुढच्या लाइनी पाणी घेत नाहीयेत. आणि एकट्याने झाकण उघडू नका, आत वाकू तर अजिबात नका, त्या गॅसने माणूस तिथेच पडतो.

गारठलेला_घरमालक: फिल्टर साफ निघाला. टँकमध्ये पाणी आउटलेटच्या बरंच वर, बॉक्स मात्र कोरडा ठणठणीत!

बर्फाळ_ताई: मग पाइपच गोठलाय. त्याच्यावरून गाडीची वाट जाते का? मोकळा भुसभुशीत बर्फ जमिनीला पांघरुणासारखा असतो, तो उपसला किंवा चाकांनी दाबला की गारठा खोल उतरतो. दुसरं म्हणजे बारीक धार. फ्लशची टाकी झिरपत असेल किंवा फर्नेसचं (घर गरम करणाऱ्या भट्टीचं) कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, थेंब थेंब ड्रेनमध्ये जात असेल तर ते पाणी पाइपात रेंगाळतं आणि थरावर थर गोठतो, आणि पाइपला मध्ये झोल असेल तर विचारूच नका.

गारठलेला_घरमालक: वाट बरोब्बर त्याच्यावरूनच जाते आणि कंडेन्सेटही ड्रेनलाच जोडलंय. मीठ किंवा अँटिफ्रीझ ओतू का? की गरम पाण्याचा नळ सोडून ठेवू?

पाइपवाला_दादा: तिन्ही नको!! मीठ आणि अँटिफ्रीझ टँकमधले जिवाणू मारतं, नळ सोडला तर पाणी जाणार कुठे, घरातच येणार. जेटर (जोराच्या पाण्याने पाइप मोकळा करणारा) किंवा स्टीमवाल्याला बोलवा, तो आत होज घालून बर्फ वितळवतो. लाइन मोकळी झाली की कंडेन्सेट बादलीत साठवून एकदम ओता, फ्लशचा रबर बदला, कपडे एकाच दिवशी न धुता आठवडाभर विभागून धुवा. आणि गाडी दुसरीकडून घ्या.

बर्फाळ_ताई: थंडी अडवायला वरून पेंढा आत्ता घालू नका, जमीन आधीच गोठलीये, उलट गारठा आत कोंडेल. पुढच्या वर्षी जमीन गोठायच्या आधी 20-30 सेंमी पसरा, आणि फील्डवरचं गवत शरद ऋतूत कापू नका.

जुना_प्लंबर: फील्ड ठीकच आहे असंही आत्ता धरू नका, बर्फ वितळल्यावर बॉक्सवर लक्ष ठेवा. तो भरलेलाच राहिला, किंवा उपसताना आउटलेटमधून पाणी मागे टँकमध्ये आलं, तर चराच्या तळाशी काळा चिकट थर जमलाय, पाणी मुरतच नाही. तेव्हा फील्डचं बोलू.