स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, मूळपेशी की स्कंधपेशी? आणि ‘रीपर्पझिंग’ला काय म्हणावं?

प्रश्न
कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. दुसऱ्याच आजारासाठी असलेली जुनी औषधं ‘कॅन्सर स्टेम सेल्स’वर, म्हणजे पुन्हा सगळा रोग उभा करू शकणाऱ्या कर्कपेशींवर, वापरून पाहतात, त्याबद्दलच्या एका वाक्यावर चार दिवस अडले आहे. ‘ड्रग रीपर्पझिंग’ला मी ‘औषधांचा पुनर्वापर’ लिहिलं होतं. ते वाचून मावशीने विचारलं, “म्हणजे उरलेल्या गोळ्या पुन्हा घ्यायच्या का गं?” चूक तिची नाही, शब्दाची आहे. स्टेम सेलसाठी तर मूलपेशी, मूळपेशी, स्कंधपेशी असे तीन शब्द सापडले.

उत्तर
आधी स्टेम सेल. मूळ शब्द जर्मन, ‘श्टामत्सेल’. अर्न्स्ट हेकेलने तो १८६८ मध्ये वापरला. श्टाम म्हणजे झाडाचं खोड, पण हेकेलच्या मनात होता वंशवृक्ष आणि त्याच्या बुडाशी असलेला एकपेशीय पूर्वज. शब्दाला शब्द हवा तर ‘स्कंध’ बरोबर आहे, संस्कृतात त्याचा अर्थ खांदा तसा झाडाचं खोडही. पण मराठी वाचकाला स्कंध म्हटलं की भागवताचे स्कंध आठवतात. ‘खोडपेशी’ म्हणावं तर ‘खोड’ला वाईट सवयीचा वास येतो. ‘मूलपेशी’ची अडचण वेगळीच आहे. नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिरातीत तो शब्द वाचून मला ती ‘मुलाची पेशी’ वाटली होती! म्हणून ‘मूळपेशी’. ळ लिहिला की घोटाळा मिटतो.

आणखी एक
मूळपेशीलाच माझं मत. शेतात हरळी माजली की नुसती वरून कापून काही होत नाही. नांगरटीनंतर तिच्या जमिनीतल्या काशा वेचाव्या लागतात, एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. केमोने गाठ लहान होते, पण मूळपेशी उरल्या तर आजार उलटतो, असंच ना हे? आणि ताई, ‘रिकरन्स’ला ‘पुनरावृत्ती’ लिहिलं असेल तर तेही बदला. ताप उलटतो तसा रोग उलटतो. हा शब्द आपल्या घरात आधीपासून आहे.

पेशीशास्त्र शिकवते त्या नात्याने
काशांची उपमा मला फार आवडली, वर्गात वापरणार आहे. पण दोन ठिकाणी सावध राहायला हवं. ‘मूळ’ म्हटलं की ‘जिथून रोग सुरू झाला ती पेशी’ असं वाटतं. कर्करोगाची मूळपेशी म्हणजे तेच असेल असं नाही. तिची ओळख कामावरून ठरते: ती पुन्हा सगळा रोग उभा करू शकते का? १९९४ मध्ये टोरोंटोत जॉन डिक यांच्या गटाने तीव्र रक्तकर्करोगाच्या पेशी उंदरांत सोडून पाहिल्या. तिथे रोग रुजवण्याची ताकद फार थोड्या पेशींत दिसली. दुसरं म्हणजे साध्या कर्कपेशीही परिस्थिती बदलली की मूळपेशीसारख्या वागू लागतात. म्हणजे इथे पानालाही काशा फुटतात. उपचार अवघड होतो तो त्यामुळेही.

औषधनिर्माणशास्त्रातून
‘पुनर्वापर’ नकोच. बाटली धुऊन पुन्हा भरली तर तो पुनर्वापर, लुगड्याची गोधडी शिवली तर वस्तू तीच आणि प्रयोजन नवं. ‘पुनर्प्रयोजन’ हा शब्द दिसतो, पण संधीच्या नियमाने ‘पुनःप्रयोजन’ व्हायला हवं. तरी ‘पुनः’ म्हणजे पुन्हा तेच, आणि इथे प्रयोजन बदलतं. म्हणून मी ‘नवप्रयोजन’ सुचवतो. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचं उदाहरण घ्या. गर्भावर भयंकर परिणाम झाल्याने १९६१ मध्ये ते जर्मनीच्या बाजारातून काढलं गेलं. पुढे अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये कुष्ठरोगातल्या एका त्रासासाठी आणि २००६ मध्ये मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मूळपेशींबाबत मात्र शब्द जपून वापरा. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १६,००० रसायनं तपासून सॅलिनोमायसिन पुढे आलं. स्तनाच्या कर्करोगातल्या मूळपेशींचं प्रमाण त्याने पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत शंभर पटींहून जास्त घटवलं, पण प्रयोगशाळेत. हे कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवरचं औषध, माणसाला विषारी ठरू शकतं. त्याच वर्षी मधुमेहाचं मेटफॉर्मिन मूळपेशी मारतं असं उंदरांत दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. मग मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तनकर्करोग रुग्णांची चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: मुख्य तपासणीत फायदा दिसला नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी बातमी वाचून मेटफॉर्मिन आपल्या मनाने सुरू केलं होतं. त्या बातमीत ‘चाचणी’ हा शब्दच नव्हता.

उलट मुंबईच्या टाटा मेमोरियलने दाताच्या डॉक्टरांकडे असतं ते बधिर करणारं लिडोकेन शस्त्रक्रियेआधी स्तनातल्या गाठीभोवती टोचून पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापला: पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. हे नवप्रयोजन खरं, पण मूळपेशींवरचं नाही. दोन्ही एका परिच्छेदात घालू नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. ‘टार्गेट’साठी लिहिलेलं ‘लक्ष्य करणे’सुद्धा काढून टाकलं, ते कवायतीसारखं वाटत होतं. आता वाक्य असं आहे: “दुसऱ्या आजारासाठी वापरात असलेलं औषध कर्करोगाच्या मूळपेशींवर चालतं का, हे चाचण्यांमधून तपासलं जात आहे, चाचणीबाहेर ते स्वतःहून घेऊ नका.” ‘नवप्रयोजन’ शीर्षकात ठेवला आहे. मावशीला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी तिने विचारलं, “मग चाचणीत नाव कुठे द्यायचं?” तो परिच्छेद आता लिहायला घेते.