न्यूट्रॉन प्रकीर्णन: बेळगावच्या विद्यार्थ्याने ट्रॉम्बेची वाट का धरावी?

धागाकर्ता (भौतिकशास्त्राचा शिक्षक, बेळगाव):
खानापूरच्या कौलांच्या मातीत पाणी कसे धरून राहते, याचा अभ्यास न्यूट्रॉन प्रकीर्णनाने, म्हणजे अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रॉन नमुन्यावर सोडून ते कसे विखुरतात हे पाहून करावा, असे एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने सुचवले, तेव्हा "अणुभट्टी काय टिळकवाडीत आहे?" असे म्हणून तिला गप्प बसवण्यात आले. मला हे पटलेले नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्यांना जेमतेम जाणवतो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रकावरून विखुरतो आणि हायड्रोजन त्याला अगदी ठळक दिसतो. औष्णिक, म्हणजे खोलीच्या तापमानाला साजेशा वेगापर्यंत मंदावलेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंमधील अंतराच्या मापाची असते आणि ऊर्जा सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे अणूंच्या कंपनांच्या मापाची असते. त्यामुळे अणू कुठे आहेत आणि ते कसे हलतात, हे दोन्ही प्रश्न या एकाच कणाला विचारता येतात. याच कामासाठी क्लिफर्ड शल आणि बर्ट्रम ब्रॉकहाउस या भौतिकशास्त्रज्ञांना १९९४ चे नोबेल विभागून मिळाले. ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात काम करून आलेल्या पी. के. अय्यंगार यांनी हे शास्त्र मुंबईतील ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात रुजवले, आणि ट्रॉम्बे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक:
सर, शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही, प्राधान्याबद्दल आहे. आमच्याकडे नोकरीला येणाऱ्या पदवीधरांपैकी अनेकांनी साधे क्ष-किरण विवर्तनाचे यंत्रही हाताळलेले नसते. मातीच्या थरांमधील अंतर त्या यंत्रावर मोजता येते आणि पाणी किती तापमानाला किती निघून जाते, हे भट्टी आणि तराजू सांगतात. मग ज्या यंत्रापुढे महिनोन्महिने रांग लावावी लागते, ते विद्यार्थ्याच्या माथी कशाला मारायचे? गेल्या पावसाळ्यात आमच्या एका पंपाच्या बिडाच्या बॉडीला बोअरिंग केले. सकाळी मोजले तर तोंड वाकडे. जाड भाग सावकाश निवला, पातळ भाग आधी निवला आणि ताण आत अडकून राहिला, एवढे कारण आम्हालाही कळते. आम्ही पुढच्या खेपेचा माल तापवून ताण काढला आणि आठ दिवसांत गिऱ्हाइकाला दिला. त्यात न्यूट्रॉनचा काय संबंध?

संशोधक विद्यार्थी, निपाणी:
मी ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर मोजणी केली आहे, म्हणून दोघांच्याही म्हणण्यात दुरुस्ती सुचवतो. धागाकर्त्यांनी हायड्रोजन "ठळक दिसतो" असे लिहिले, ते अर्धेच खरे आहे. त्याचा सुमारे ८० बार्नचा छेद (न्यूट्रॉन विखुरण्याची शक्यता सांगणारे माप) असुसंगत प्रकीर्णनाचा आहे, म्हणजे वेगवेगळ्या अणूंवरून विखुरलेल्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत. पाण्याचे रेणू मातीच्या थरांत किती मोकळे फिरतात, हे पाहायला तो उत्तम, पण अणूंच्या जागा ठरवताना तोच पार्श्वभूमीचा गोंगाट होतो. तेव्हा साध्या पाण्याऐवजी जड पाणी (हायड्रोजनऐवजी त्याचाच जड प्रकार, ड्युटेरियम, असलेले) वापरावे लागते आणि ते स्वस्त नसते. दुसरे असे की न्यूट्रॉन मुळातच विरळ असतात. शंभर मेगावॅटच्या ध्रुवमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला १.८ × १०^१४ न्यूट्रॉनांचा प्रवाह मिळतो, फ्रान्समधील ग्रेनोबलच्या अणुभट्टीत तो याच्या आठपटींहून अधिक आहे; त्यामुळे चिमूटभर नमुन्यावर भागत नाही, काही ग्रॅम भुकटी लागते आणि एका आलेखासाठी तासन्‌तास थांबावे लागते. भुकटी व्हॅनेडियमच्या नळीत दाबून भरायची, कारण व्हॅनेडियम स्वतःची शिखरे आलेखात जवळजवळ उमटवत नाही. बाहेर काढलेली नळी किरणोत्सार तपासल्याशिवाय हातात मिळत नाही. विद्यापीठांतील लोकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेचे मुंबई केंद्र आहे. प्रस्ताव मात्र नेमक्या प्रश्नाचा असावा लागतो. "माती पाहू या" एवढ्यावर वेळ मिळत नाही.

धागाकर्ता:
असुसंगत प्रकीर्णनाची दुरुस्ती मान्य. मात्र फाउंड्रीचालकांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. प्रयोगशाळेतील नेहमीचे क्ष-किरण लोखंडात काही मायक्रोमीटरच शिरतात, म्हणजे ते फक्त कातडी पाहतात. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत जातात आणि तिथले अणूंचे थर ताणामुळे किती सरकले, हे न कापता मोजता येते. इंग्लंडच्या आयसिस केंद्रात एंजिन-एक्स हे उपकरण याच कामासाठी आहे. प्रत्येक खेपेला तिकडे धावावे असे मी म्हणत नाही. एकदा मोजून घेतले की संगणकावरचे निवण्याचे गणित बरोबर आहे की नाही ते कळते आणि पुढच्या साच्याची रचना त्यावरून बदलता येते.

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक:
म्हणजे ट्रॉम्बेवरून गाडी थेट विलायतेला गेली! आधी इथल्या महाविद्यालयांत क्ष-किरण यंत्र नीट चालवले जावे, हे माझे म्हणणे कायम आहे. तरीही तापवण्याआधीच्या त्या खेपेच्या दोन बॉडी कोपऱ्यात पडून आहेत. पाठवायच्या झाल्या तर लहान तुकडा कापून देऊ का?

संशोधक विद्यार्थी, निपाणी:
कापू नका, कापताच अडकलेला ताण सुटेल. एक बॉडी अखंड ठेवा. दुसरीचे मात्र त्याच जागेवरून छोटे ठोकळे कापून घ्या. अणूंच्या थरांमधील ताणरहित अंतर किती, हे ठरवायला तेच लागतात.